कच्ची वही आणि पक्की वही



संगणक शिकणारी मुले-मुली आणि कधी कधी त्यांचे आईवडीलही एक प्रश्न हमखास विचारतात. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन-तीन आवृत्त्या मोफत मिळतात. एकीवर ‘स्टेबल’ असे लिहिलेले असते, दुसरीवर ‘बीटा’ आणि तिसरीवर ‘नाइटली’ किंवा ‘डेव्हलपमेंट स्नॅपशॉट’. क्रमांक पाहावा तर तिसरीचा सर्वांत मोठा. मग सर्वांत नवी आवृत्ती सोडून मागची का घ्यायची?

प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याने वापरून दिलेली पुस्तके आणि दुसऱ्याची उतरलेली सायकल यांवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘नवे’ या शब्दाची ओढ वाटणारच. आपल्या मुलाच्या वाट्याला तरी जुने येऊ नये, ही आईबापांची इच्छाही योग्यच आहे. परंतु सॉफ्टवेअरच्या बाबतीत नवे असणे वेगळे आणि तयार असणे वेगळे. हा फरक समजला नाही तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीच संगणक रुसून बसतो आणि वर्ष त्या मुलाचे वाया जाते. म्हणून हा विषय आज नीट समजून घेऊ.

दोन वह्यांचा दाखला

ज्यांनी दुकानात किंवा पतपेढीत हिशेबाचे काम केले आहे त्यांना दोन वह्या ठाऊक असतात. एक कच्ची वही. दिवसभराची देवघेव तिच्यात घाईघाईने टिपलेली असते. खाडाखोड असते, एखादी रक्कम दोनदा लिहिली जाते, एखादी राहून जाते. दुसरी पक्की वही. पावत्या पडताळून, बेरजा तपासून, तेरीज जुळवून मगच तिच्यात नोंद होते. सभासदाला शिल्लक सांगायची तर पक्की वही पाहूनच सांगतात. कच्ची वही पाहून कोणी कोणाला कर्ज देत नाही. मात्र कच्ची वहीच नसेल तर पक्क्या वहीत लिहायला काही उरत नाही, हेही तितकेच खरे.

सॉफ्टवेअरचे असेच आहे. एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअरवर शेकडो प्रोग्रामर एकाच वेळी काम करीत असतात. कोणी नवी सोय जोडतो, कोणी जुना दोष काढतो, कोणी दोष काढता काढता नवा दोष घालून ठेवतो. या सर्वांचे त्या क्षणापर्यंतचे काम एकत्र करून जी आवृत्ती बांधतात तिला स्नॅपशॉट म्हणतात. स्नॅपशॉट म्हणजे चालत्या कामाचे त्या घटकेचे छायाचित्र. ही बांधणी बहुतेक ठिकाणी यंत्रच रोज रात्री करते, म्हणून तिला नाइटली असेही नाव पडले. ती कोणी बसून तपासलेली नसते. आजची उत्तम चालेल आणि उद्याची उघडणारही नाही.

स्टेबल आवृत्ती म्हणजे पक्की वही. ती काढण्यापूर्वी एक दिवस ठरवून नवी भर घालणे बंद करतात. इंग्रजीत याला फ्रीझ म्हणतात. त्यानंतर फक्त सापडलेले दोष दुरुस्त होतात. पुरेशी तपासणी झाली की ती लोकांसाठी खुली होते. पुढेही त्या आवृत्तीत नवलाई घालीत नाहीत, केवळ दोषांची आणि सुरक्षेची दुरुस्ती पाठवीत राहतात.

तीन पायऱ्यांची चाळणी

याचे उत्तम उदाहरण डेबियन या संगणकप्रणालीचे आहे. लिनक्सवर आधारलेली ही प्रणाली इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली सुरू केली. आज जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात आणि ती कोणालाही मोफत मिळते. तिथे तीन पायऱ्या आहेत. नवे सॉफ्टवेअर प्रथम ‘अनस्टेबल’ या पायरीवर येते. तिथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही तर ते ‘टेस्टिंग’ या पायरीवर जाते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवून, काही महिने दोष काढून, तिचीच ‘स्टेबल’ होते. डेबियन १२ ही आवृत्ती १० जून २०२३ रोजी आली आणि डेबियन १३ ही ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. प्रत्येक स्टेबल आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आधार आणि त्यापुढे दोन वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात.

डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे देण्याची प्रथा आहे. स्टेबलचे नाव दर वेळी बदलते. अनस्टेबलचे नाव मात्र कायम ‘सिड’ हेच असते. सिड हा त्या चित्रपटातील शेजारचा मुलगा, खेळणी मोडून टाकणारा. ज्यांनी ती पायरी बांधली त्यांनीच तिच्यावर इशारा लिहून ठेवला आहे. याहून प्रामाणिक पाटी कोणती?

डेबियनवरच उभारलेल्या उबुंटूत दर दोन वर्षांनी एप्रिल महिन्यात ‘एलटीएस’ म्हणजे दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती निघते. तिला पाच वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात. मधल्या काळात निघणाऱ्या आवृत्त्यांना केवळ नऊ महिने मिळतात. क्रमांकावरून वर्ष आणि महिना ओळखता येतो. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल. घरासाठी किंवा वस्तीतील अभ्यासिकेसाठी उबुंटू घेताना क्रमांकापुढे एलटीएस ही अक्षरे आहेत का, एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले.

फायरफॉक्स या ब्राउझरच्या चार आवृत्त्या एकाच वेळी चालू असतात. नाइटली सर्वांत कच्ची. तिच्यापुढे बीटा, त्यापुढे सर्वांसाठीची नेहमीची आवृत्ती आणि चौथी ‘ईएसआर’. ईएसआर ही खास कार्यालये आणि शाळांसाठी आहे. साधारण वर्षभर तिच्यातील सोयी बदलत नाहीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येत राहतात. जिथे एका संगणकावर वीस मुले पाळीपाळीने शिकतात, तिथे काल शिकवलेले बटण आज त्याच जागी सापडणे ही मोठीच सोय आहे.

पक्की म्हणजे गोठलेली नव्हे

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काही मंडळी म्हणतात, ‘आमचे चालले आहे ना ठीक, मग अपडेट कशाला?’ आणि येणारी प्रत्येक सूचना बंद करून टाकतात. स्टेबल वापरणे आणि दुरुस्ती नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकातील फायली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. सुमारे १५० देशांतील संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या दोषातून तो शिरत होता त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये दिली होती. बाधित झालेल्या संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते आणि विंडोज ७ ला तेव्हा आधार चालू होता. औषध घरात होते, घेतले नव्हते.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना दोन प्रश्न विचारावेत. ही आवृत्ती पक्की आहे का, आणि तिला आजही दुरुस्ती मिळते का? विंडोज १० ही एके काळची पक्की आवृत्ती, पण तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या अनेक घरांत आणि अभ्यासिकांत देणगीने आलेले जुने संगणक आहेत. त्यांतील कित्येकांवर विंडोज ११ चालत नाही. अशा वेळी यंत्र भंगारात घालण्यापूर्वी त्यावर डेबियनची किंवा उबुंटू एलटीएसची पक्की आवृत्ती चालते का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. यंत्र जुने असले तरी चालेल, त्यावरील प्रणाली दुरुस्ती मिळणारी हवी.

कच्च्या वहीचे उपकार

एवढे वाचून कोणाला वाटेल की कच्च्या आवृत्तीला हातच लावू नये. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मार्च २०२४ मधील एक घटना ज्यांना ठाऊक आहे ते तरी असे म्हणणार नाहीत.

‘एक्सझेड’ नावाचे एक छोटे साधन आहे. फायली दाबून लहान करणे हे त्याचे काम. लिनक्सच्या असंख्य यंत्रांत ते मुकाट्याने बसलेले असते. जिया टॅन असे नाव लावणारी एक व्यक्ती त्या कामात मदतनीस म्हणून आली. दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून तिने विश्वास मिळवला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपवून एक चोरदरवाजा ठेवला. तो दरवाजा ठेवणाऱ्याला दुसऱ्याच्या यंत्रात दूरवरून शिरता आले असते. या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल पायऱ्यांपर्यंत पोहोचल्या होत्या. इतर काही लिनक्स प्रणालींच्या कच्च्या आवृत्त्यांतही त्या गेल्या होत्या. डेबियनच्या स्टेबलमध्ये मात्र त्या पोहोचल्या नव्हत्या.

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अभियंता डेबियन अनस्टेबल वापरून एक वेगळीच चाचणी करीत होते. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. अर्धा सेकंद म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. दुसरा कोणी म्हणाला असता, ‘जाऊ दे.’ त्यांनी जाऊ दिले नाही. ते कारण शोधत गेले, मुळापर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जगाला जाहीर केले. प्रणाली सांभाळणाऱ्यांनी लगोलग त्या आवृत्त्या काढून घेतल्या.

या घटनेतून दोन्ही बाजू दिसतात. स्टेबल वापरणारे वाचले, कारण नवे सॉफ्टवेअर त्यांच्यापर्यंत सावकाश येते. पण ते वाचले याचे दुसरे कारण असे, की पुढच्या पायरीवर कोणीतरी डोळे उघडे ठेवून बसले होते. सगळेच जण ‘आधी दुसऱ्याला वापरू दे’ असे म्हणत बसले, तर दोष सापडणार कोणाला?

गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या सर्वांत कच्च्या आवृत्तीचे नाव ‘कॅनरी’ असे आहे. कॅनरी हा पिवळा, इवलासा पक्षी. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणीत कामगार तो पिंजऱ्यातून बरोबर नेत. विषारी वायू सुटला तर माणसाच्या आधी पक्षी कोसळे आणि कामगार बाहेर पळत. १९८६ पर्यंत तिथे ही पद्धत होती. नाव देणाऱ्यांनी खरे तेच सांगितले आहे. कच्ची आवृत्ती घेणारा तो पक्षी होत असतो. स्वतः समजून-उमजून झाला तर ती सेवा, न कळता झाला तर तो बळी. बीटा घेणारा माणूस ग्राहक नसतो, तो बिनपगारी तपासनीस असतो, हे ध्यानात ठेवूनच तिच्या वाटेला जावे. डेबियनसारख्या सर्वांच्या मालकीच्या कामात अशी तपासणी म्हणजे श्रमदान, तिचे फळ सर्वांना मिळते. नफा कमावणाऱ्या कंपनीसाठी ती करायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

तक्रार लिहिणे हेही काम आहे

पक्क्या आवृत्तीतही कधी मोठी चूक निघते. विंडोज १० ची एक आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वांसाठी खुली झाली. काही लोकांच्या संगणकावरील कागदपत्रे आणि छायाचित्रे त्या अपडेटने पुसून टाकली. मायक्रोसॉफ्टला चार दिवसांत तिचे वाटप थांबवावे लागले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. पुढे उघड झाले, की कच्ची आवृत्ती तपासणाऱ्या काही जणांनी फायली गेल्याची तक्रार आधीच नोंदवली होती. पण तिला फार लोकांनी दुजोरा न दिल्याने ती ढिगाखाली राहिली. त्यानंतर तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवण्याची सोय कंपनीने केली.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, आवृत्ती कितीही पक्की असली तरी आपल्या कागदपत्रांची दुसरी प्रत वेगळ्या जागी हवीच. दुसरा, तक्रार करणे पुरेसे नाही, ती नीट मांडता आली पाहिजे. कच्ची आवृत्ती वापरणाऱ्याने आवृत्तीचा क्रमांक लिहावा. आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहावे. एका अर्जात एकच दोष मांडावा. नुकसान झाले असेल तर ते पहिल्या ओळीत सांगावे. ज्यांनी नळाच्या पाण्यासाठी आणि रेशनकार्डासाठी अर्ज लिहून दिले आहेत त्यांना ही कला शिकवावी लागत नाही.

घरात आणि अभ्यासिकेत काय करावे?

आता व्यवहाराचे बोलू. ज्या यंत्रावर पोट अवलंबून आहे त्यावर पक्की आवृत्तीच ठेवावी. टायपिंग, डीटीपी, हिशेब, ऑनलाइन अर्ज ही कामे ज्या संगणकावर होतात त्यावर प्रयोग नकोत. ३१ मार्च जवळ आला की कोणताही शहाणा हिशेबनीस चालू सॉफ्टवेअर बदलत नाही. परीक्षा, अर्जाची मुदत, गिऱ्हाइकाचे छपाईचे काम यांनाही तोच नियम लावावा. मोठी आवृत्ती बदलायची तर काम संपल्यावर, प्रत काढून ठेवून बदलावी. सुरक्षेची दुरुस्ती मात्र लांबवू नये.

फोनच्या बाबतीत अधिक जपावे. ज्या घरात एकच चांगला फोन आहे, त्यावरच मुलाचा अभ्यास, बापाचे डिलिव्हरीचे काम आणि आईचे बचतगटाचे पैसे चालतात, त्यावर हौसेखातर अँड्रॉइडची बीटा घालणे म्हणजे घराची चूल प्रयोगशाळेत नेऊन ठेवणे होय. बँकांची काही अ‍ॅप बीटावर नीट चालत नाहीत. शिवाय मध्येच बीटातून बाहेर पडून पक्क्या आवृत्तीवर परत यायचे तर फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. आत जाणे सोपे, बाहेर येणे महाग.

मग कच्ची आवृत्ती घ्यावी तरी कधी? आपल्याला छळणारा नेमका दोष तिथेच दुरुस्त झाला असेल तेव्हा. नवे यंत्र पक्क्या आवृत्तीला ओळखता येत नसेल तेव्हा. मराठी भाषांतर कसे दिसते ते तपासायचे असेल तेव्हा. आणि मुलाला किंवा मुलीला प्रोग्रामिंग किंवा टेस्टिंगचे काम शिकायचे असेल तेव्हा तर जरूर घ्यावी. मात्र ती वेगळ्या यंत्रावर किंवा निदान वेगळ्या खात्यात घ्यावी. फायरफॉक्सची नाइटली नेहमीच्या आवृत्तीशेजारी वेगळी बसते आणि आपल्या खुणा, पासवर्ड वेगळे ठेवते. जिथे अशी सोय नसेल तिथे सावध राहावे, कारण नव्या आवृत्तीने फाईल आपल्या पद्धतीने बदलली की जुनीला ती उघडता येईलच असे नाही.

अभ्यासिकेत पाच संगणक असतील तर चारांवर पक्की आवृत्ती ठेवावी. पाचव्यावर ‘प्रयोगासाठी, महत्त्वाचे काम करू नये’ अशी चिठ्ठी डकवून कच्ची घालावी. मुलांनी त्यावर मोडतोड करावी, कारण शोधावे, वहीत टिपून ठेवावे आणि ज्यांनी ते सॉफ्टवेअर बनवले त्यांना कळवावे. चार संगणकांवर मुलांचे अर्ज वेळेत भरले जातील. पाचव्यावर बसणारी मुले केवळ सॉफ्टवेअर वापरणारी राहणार नाहीत, ते घडते कसे हेही त्यांना कळू लागेल.

सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापूर्वी नावापुढचा शब्द वाचावा. स्टेबल, एलटीएस, ईएसआर हे शब्द पक्क्या वहीचे. अल्फा, बीटा, नाइटली, डेव्ह, कॅनरी, स्नॅपशॉट हे कच्च्या वहीचे. जिथे असा कोणताच शब्द नाही तिथे जाणकाराला विचारल्याशिवाय बटण दाबू नये. येत्या रविवारी सवड काढून घरातील फोन आणि संगणक यांवर कोणती आवृत्ती आहे आणि तिला दुरुस्ती कधीपर्यंत मिळणार आहे, हे एका कागदावर लिहून काढा. हे काम घरातील शाळकरी मुलीला किंवा मुलाला सांगा. ते तुमच्यापेक्षा लवकर करतील आणि करता करता शिकतीलही.